ओमचा नियम : भागाकारामागील इतिहास

विद्युद्दाबास प्रवाहाने भागले असता रोध मिळतो आणि त्याच दोन राशींचा गुणाकार केला असता शक्ती मिळते. विद्यार्थ्यास ही गणिते इतकी सोपी वाटतात की, त्यांत इतिहास असेल अशी शंकाही त्यास येत नाही. वस्तुतः हा भागाकार प्रथम शक्य झाला तेव्हा भाज्य, भाजक व भागाकार यांपैकी एकाही राशीचे सर्वमान्य एकक अस्तित्वात नव्हते. आणि भाज्याची, म्हणजे दाबाची, तर कल्पनाही अस्पष्ट होती.

या प्रश्नाकडे प्रथम वळलेला संशोधक हेन्री कॅव्हेंडिश हा होय. 1781 च्या सुमारास मिठाच्या द्रावणांची तुलना करताना त्याने प्रवाहमापक म्हणून स्वतःच्या शरीराचाच उपयोग केला. लेडन बरणीतील विद्युत् द्रावणातून व आपल्या देहातून जाऊ द्यावयाची आणि बसणाऱ्या धक्क्याची तीव्रता ताडून पाहावयाची, अशी ही पद्धत होती. तिच्यावरून रोध हा प्रवाहाच्या तीव्रतेवर अवलंबून नसतो, या निष्कर्षाच्या तो अगदी निकट पोहोचला होता. परंतु त्याची टिपणे मॅक्सवेलने 1879 मध्ये प्रकाशित करीपर्यंत अज्ञातच राहिली, आणि अज्ञात शोधाचा इतिहासाच्या ओघावर काही परिणाम होत नाही.

गेओर्ग सिमोन ओम (1789–1854) हा कोलोन येथील विद्यालयात गणित व भौतिकी शिकवीत असे. त्याचा 1825 मधील पहिला निबंध चुकीचा होता, ही गोष्ट चरित्रकार बहुधा घाईने उरकतात. परंतु बोधप्रद भाग तोच आहे. तारेची लांबी वाढविली असता चुंबकसूचीवरील परिणाम कसा घटतो हे पाहून त्याने लॉगरिथमचे एक सूत्र मांडले. दोष गणिताचा नव्हता, विद्युत्घटाचा होता. रासायनिक घटाचे बळ प्रयोग चालू असतानाच उतरत असे, त्यामुळे तारेचा परिणाम कोणता व घटाचा कोणता हे वेगळे काढता येईना. तेव्हा नियतकालिकाचे संपादक पोगेनडॉर्फ यांनी त्यास उष्णताविद्युतीचा आश्रय करण्याचे सुचविले. झेबेकचा हा शोध त्या वेळी जेमतेम चार वर्षांचा होता.

1826 च्या जानेवारीतील प्रयोगांत ओमने बिस्मथ व तांबे यांचा जोड वापरला. त्याचे एक टोक उकळत्या पाण्यात, दुसरे बर्फात. जोपर्यंत पाणी उकळते आहे व बर्फ वितळते आहे, तोपर्यंत विद्युत्प्रेरणा अचल राहणार. सारख्या जाडीच्या आठ तांब्याच्या तारा त्याने घेतल्या. त्यांतील सर्वांत आखूड 2 इंच व सर्वांत लांब 130 इंच होती. प्रवाहाचे मापन त्याने पीळतुलेने केले : चुंबकसूची मूळ स्थानी आणण्यास टांगणीस किती पीळ द्यावा लागतो, तो प्रवाहाचा अंक. 8 जानेवारीच्या वाचनांत 2 इंचांच्या तारेस 326¾, 18 इंचांच्या तारेस 190¾ आणि 130 इंचांच्या तारेस 48½ असे अंक आले. लांबीत 20¼ मिळवून येणाऱ्या बेरजेने 7285 या संख्येस भागले असता हे अंक जवळजवळ तंतोतंत मिळतात. मधल्या काही तारांच्या बाबतीत एक-दोन अंकांचा फरक पडतो. पण ओमने तो लपविलेला नाही.

यापुढील पायरी अधिक महत्त्वाची. त्याने दोन टोकांमधील तापमानाचा फरक कमी केला, तेव्हा वरची संख्या घटली, परंतु 20¼ मात्र तशीच राहिली. म्हणजे वरची संख्या उगमाच्या प्रेरणेची द्योतक आहे आणि खालची मंडलाच्या उर्वरित भागाच्या रोधाची. दाब व रोध या दोन कल्पना एकमेकींपासून प्रयोगाने सुट्या झाल्या त्या येथे. ओमपाशी व्होल्टमापक नव्हता. रोध त्याने इंचांत मोजला.

1827 मध्ये बर्लिन येथे प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात ओमने फूरियेच्या उष्णतावहनाच्या उपपत्तीचा आधार घेऊन हा नियम गणिताने सिद्ध करण्याचा प्रयत्न केला. प्रयोगाची बाजू त्यामुळे मागे पडली, आणि पोल याच्यासारख्या टीकाकारांना ग्रंथ निव्वळ कल्पनारचना भासला. 1828 मध्ये ओमने कोलोनची जागा सोडली. तथापि सर्वांनी त्याची उपेक्षा केली, ही प्रचलित कथा अतिरंजित आहे : फेखनरने 1831 पर्यंत त्याचा नियम स्वीकारून विस्तृत प्रयोग केले होते, आणि 1841 मध्ये रॉयल सोसायटीने ओमला कॉप्ली पदक दिले. ओमच्या उपपत्तीत खरा दोष होताच. तारेतील ‘विद्युद्दर्शक बल’ म्हणजे विद्युतीची घनता, अशी त्याची समजूत होती. ते स्थितिविद्युतीतील विभवच होय, हे किर्खहोफने 1849 मध्ये दाखविले.

शक्तीचे गणित मात्र वेगळ्याच वाटेने आले. मद्यनिर्मितीच्या व्यवसायातील जेम्स जूल याने 1840 मध्ये पाण्यात बुडविलेल्या तारेच्या वेटोळ्यातून प्रवाह सोडून तापमानाची वाढ मोजली आणि उष्णता ही रोध व प्रवाहाचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते असे ठरविले. लेंझही थोड्याच काळाने स्वतंत्रपणे तेथे पोहोचला. या नियमात ओमचा नियम घातला की दाब व प्रवाह यांचा गुणाकार उरतो. पण त्या गुणाकारास ‘शक्ती’ म्हणता येण्यासाठी दाब म्हणजे एकक विद्युत्प्रभारामागे घडणारे कार्य, हा अर्थ रूढ व्हावा लागला. वेबरने 1851 मध्ये रोधाचे निरपेक्ष मापन करून त्यास बळकटी आणली. ओम, व्होल्ट व अँपिअर ही एकके 1881 च्या पॅरिस परिषदेत मान्य झाली. सीमेन्सने 1882 मध्ये सुचविलेले वॉट हे एकक 1889 मध्ये.

एक सावधानता येथे नोंदविणे अवश्य आहे. दाब भागिले प्रवाह ही रोधाची व्याख्या आहे. तो भागाकार स्थिर राहतो, हा ओमचा नियम. दोहोंत गल्लत पाठ्यपुस्तकांतूनही आढळते. 230 व्होल्टवर 60 वॉट घेणाऱ्या जुन्या धर्तीच्या टंगस्टनच्या दिव्यातून सुमारे 0.26 अँपिअर प्रवाह वाहतो, म्हणजे त्याचा रोध सुमारे 880 ओम ठरतो. तोच दिवा विझवून, थंड झाल्यावर मोजला तर रोध याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी भरतो. व्याख्या दोन्ही वेळा लागू पडते; मात्र ओमने एकाच तापमानाच्या आठ तारा घेतल्या होत्या, आणि या दिव्याचे तापमान दोन मापनांमध्ये दोन हजार अंशांहून अधिक बदललेले असते.