नोकरीत तुला काय हवं? एका प्रश्नाचा मागोवा

पंधरा वर्षांच्या मुलासमोर एक यादी ठेवा: चांगला पगार, कायमची नोकरी, मानमरातब, लोकांच्या उपयोगी पडणं, नवं काही करायला वाव, समजूतदार साहेब. यातलं महत्त्वाचं काय, असं विचारलं की तो सगळ्यांवर खूण करून मोकळा होतो. त्याचं काय चुकलं? यातलं नको तरी कशाला म्हणायचं! पण समुपदेशकाच्या हाती मात्र काहीच लागत नाही. कामातून माणसाला काय हवं असतं ते मोजण्याचा इतिहास हा बराचसा या एका अडचणीशी घातलेल्या झोंबीचा इतिहास आहे.

त्याचं एक मूळ जर्मनीत सापडतं. एडुआर्ड श्प्रांगर या तत्त्वज्ञांनी १९१४ मध्ये माणसांचे सहा प्रकार मांडले: ज्ञानामागे लागणारा, उपयोग पाहणारा, सौंदर्यात रमणारा, माणसांत रमणारा, सत्तेची ओढ असणारा आणि धर्माकडे वळणारा. त्यांना माणूस समजून घ्यायचा होता, त्याला गुण द्यायचे नव्हते. गुण देण्याचं काम जर्मनीत शिकून आलेले अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी केलं. फिलिप व्हर्नन यांच्यासोबत त्यांनी १९३१ मध्ये या सहा प्रकारांची चाचणी तयार केली, आणि सगळ्यांवर खूण करण्याची वाट तिथेच बंद केली.

युक्ती साधी होती. पहिल्या भागात एका प्रश्नाला दोन पर्याय आणि वाटायला तीन गुण. दीड-दीड देऊन सुटता येत नाही. तीन-शून्य द्या, नाहीतर दोन-एक. दुसऱ्या भागात चार पर्यायांचा क्रम लावायचा. १९५१ च्या सुधारित आवृत्तीत पहिल्या भागाचे ९० आणि दुसऱ्याचे १५० असे मिळून प्रत्येकाचे २४० गुण होतात, ना एक कमी ना एक जास्त. पैशाच्या रकान्यात गुण चढले की दुसऱ्या कुठल्या तरी रकान्यातले उतरणारच. यात एक खोट आहे. एका मुलाच्या मनात कशापुढे काय हे कळतं, पण दोन मुलांचे आकडे शेजारी ठेवून पैशाची ओढ कोणाला जास्त, हे ठरवता येत नाही. मला ही खोट चालते. समुपदेशकासमोर एका वेळी एकच मूल बसलेलं असतं.

शाळेशी गाठ पडली ती पुढे. कोलंबिया विद्यापीठातले अर्थतज्ज्ञ इलाय गिन्झबर्ग आणि सहकाऱ्यांनी १९५१ मध्ये व्यवसायाची निवड टप्प्याटप्प्याने होते असं मांडलं: अकरा-बाराव्या वर्षी आवड, मग कुवतीचा अंदाज, आणि पंधरा-सोळाव्या वर्षी मूल्यांचा विचार. हा सिद्धान्त प्रामुख्याने खात्यापित्या घरांतल्या मुलग्यांच्या मुलाखतींवर उभा होता, हे विसरू नये. त्याच वर्षी मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड सुपर यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या मिडलटाउन गावी नववीच्या मुलांचा दीर्घ अभ्यास सुरू केला. तिथेही फक्त मुलगेच. मग १९५७ मध्ये रशियाचा स्पुटनिक आकाशात गेला आणि हादरलेल्या अमेरिकेने १९५८ च्या कायद्याने शाळांतल्या चाचण्यांसाठी आणि समुपदेशनासाठी पैसा मोकळा केला. हुशार पोरं हेरून विज्ञानाकडे वळवायची होती. चाचण्यांना गिऱ्हाईक मिळालं ते असं.

सुपर यांची कार्यमूल्यांची प्रश्नावली १९७० मध्ये छापून आली. पंधरा मूल्यं, प्रत्येकाची तीन वाक्यं, एकूण पंचेचाळीस. प्रत्येक वाक्याला एक ते पाच गुण. तासाभराच्या आत वर्ग मोकळा. पण सगळीकडे पाच लिहायची मुभा पुन्हा आलीच! याच्या उलट टोकाला मिनेसोटा विद्यापीठातले संशोधक होते. त्यांनी वीस गरजा घेतल्या आणि प्रत्येकीची गाठ उरलेल्या एकोणीस गरजांशी घालून दिली. १९० जोड्या झाल्या. इतक्या जोड्या सोडवताना कुणाचंही डोकं भणभणेल, म्हणून पाच-पाचांच्या गटांत क्रम लावायची सुटसुटीत आवृत्तीही निघाली. मानसशास्त्रज्ञ मिल्टन रोकीच यांनी तर अठरा मूल्यांच्या काढून पुन्हा लावता येणाऱ्या चिकटपट्ट्याच हातात दिल्या. मन बदललं तर पट्टी उचला, वर लावा. पण वरची कुठली तरी मग खाली सरकते. मला विचाराल तर शाळकरी मुलांसाठी याहून बरं साधन कागदावर तरी झालेलं नाही.

आपल्याकडे मुंबई सरकारने व्यवसाय मार्गदर्शनाचं केंद्र १९५० मध्येच काढलं होतं. पण राज्य मंडळाच्या दहावीच्या सरसकट सगळ्या मुलांपर्यंत पोचली ती २०१६ ची कल चाचणी, आणि तिने पाहिली ती आवड: कृषी, वाणिज्य, ललित कला, आरोग्य, गणवेशधारी सेवा अशी सात क्षेत्रं. म्हणजे मुलं गिन्झबर्ग यांच्या मूल्यांच्या वयातली आणि प्रश्न त्याआधीच्या टप्प्यातला.

याने काय बिघडतं? समजा, दोन मुलांच्या अहवालात गणवेशधारी सेवा आली. एकाला सीमेवरचा थरार हवाय. दुसऱ्याच्या घरी कोरडवाहू शेती आहे आणि त्याला पहिल्या तारखेचा पगार हवाय. सुपर आणि डोरोथी नेव्हिल यांच्या १९८६ च्या एकवीस मूल्यांच्या यादीत धोका पत्करणं आणि आर्थिक सुरक्षितता हे दोन वेगळे रकाने आहेत. दुसऱ्या मुलाला तलाठ्याची किंवा पोस्टातली नोकरीही तितकीच चालेल, पहिल्याला मुळीच नाही.