रेजिनाचा दगड

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, टाइन नदी समुद्राला मिळते तिथं, साउथ शील्ड्स हे एकेकाळी कोळशावर आणि जहाजबांधणीवर जगलेलं गाव आहे. तिथल्या घरांच्या रांगांमध्येच अर्बिया या रोमन किल्ल्याचे अवशेष आहेत. हेड्रियनच्या भिंतीवरच्या फौजेला इथून रसद जायची. किल्ल्याला लागून असलेलं संग्रहालय आटोपशीर आहे, पण १८७८ साली सापडलेला रेजिना नावाच्या बाईच्या थडग्यावरचा दगड तिथं आहे. सिरियातल्या पाल्मायराचा बाराटेस इतक्या लांब आला, एका ब्रिटिश दासीवर त्याचा जीव जडला, त्यानं तिला मुक्त करून तिच्याशी लग्न केलं आणि ती गेल्यावर हा दगड उभारला, अशी प्रेमकहाणी त्याबद्दल सांगतात. ती खोटी म्हणण्याचं कारण नाही. मात्र प्रेमाइतकीच मालकीही त्या दगडावर कोरलेली आहे, आणि तेवढीच बाजू गाळून कहाणी सांगितली जाते.

लॅटिन मजकुरात रेजिना आधी बाराटेसची मुक्त दासी आहे, मग बायको. ती कॅटुवेलाउनी जमातीची, म्हणजे आजच्या सेंट ऑल्बन्सच्या आसपासची, खूप दक्षिणेकडची; वय ३०. या लॅटिनचं व्याकरण अडखळतं. खाली पाल्मायरी लिपीत एकच ओळ आहे, आणि तिथं कोरणाऱ्याचा हात सफाईनं चालला आहे. बाराटेसची मुक्त दासी रेजिना, हाय, एवढंच. त्या गावात ही ओळ वाचू शकणारे मोजकेच असणार; म्हणजे ती परक्यांना दाखवण्यासाठी नव्हती. स्वतःच्या भाषेत लिहिताना मात्र बायकोचं नातं सांगायचंच राहिलं आहे.

यावर कोणी म्हणेल, हा पाल्मायरातला ठरलेला साचा आहे, त्यातून मन कशाला शोधायचं? साचा होता हे खरंच. तो ‘हाय’ सुद्धा साच्यातलाच. आपल्या चौकातल्या फलकांवरच्या ‘भावपूर्ण श्रद्धांजली’वरून जसं दुःख मोजता येत नाही, तसं त्यावरूनही येत नाही. पण मग प्रेमकहाणीचा मुख्य आधारही गेला. उलट साचा म्हणूनच तो जास्त बोलतो: मेल्यावरही बाईची पहिली ओळख तिला सोडणाऱ्या मालकावरून द्यायची, यात त्या समाजाला काही खटकत नव्हतं. दुसरा आक्षेप कायद्याचा. लग्नासाठी दासीला मुक्त करणं रोमन कायद्याला मान्य होतं, तिशीच्या आतल्या दासीलासुद्धा. खरं आहे, पण मालकाशी लग्न केलेल्या मुक्त दासीला त्याच्या संमतीवाचून दुसरं लग्न करता येत नसे, हेही त्याच कायद्यात होतं. बाराटेस एकेरी नावाचा, बहुधा रोमन नागरिक नसलेला. त्याला हे नियम लागू नसतीलही. वारा मात्र त्याच दिशेचा होता.

शिल्पाकडे पाहिलं की बाराटेसची बाजूही समजते. वेताच्या खुर्चीत बसलेल्या रेजिनाच्या गळ्यात पिळाचा हार, मनगटात कंकणं, उजवा हात दागिन्यांच्या पेटीवर, मांडीवर सूत कातायची टकळी, पायाशी लोकरीच्या गुंड्यांची टोपली. चेहरा तेवढा फुटून गेला आहे. घरंदाज गृहिणीची एकही खूण सुटू नये म्हणून त्यानं पैसा ओतला आहे. तिची आब राखायची त्याला मनापासून इच्छा होती, असं मानायला हरकत नाही. फक्त ती आब देणारा तोच होता.

याच संग्रहालयात व्हिक्टरचाही दगड आहे. उत्तर आफ्रिकेतला मूर, वय २०, न्यूमेरिआनस नावाच्या घोडेस्वारानं मुक्त केलेला; त्यानंच त्याला मोठ्या ममतेनं शेवटचा निरोप दिल्याचं कोरलं आहे. इथं लग्नाचा प्रश्नच नाही, तरी माया आणि मालकी तशाच एका ओळीत बसल्या आहेत. व्हिक्टर मंचकावर रेलला आहे आणि खालून एक चिमुकली आकृती त्याला पेला देते आहे. दासपणातून सुटलेल्याचं मोठेपण दाखवायला शिल्पकाराला दुसरा दासच हाताशी लागला, आणि त्याचं नाव दगडावर नाही.