२ सप्टेंबर : सार्जंट ॲल्विन यॉर्क

पहिल्या महायुद्धातील अमेरिकी वीर ॲल्विन यॉर्क यांचे २ सप्टेंबर १९६४ रोजी नॅशव्हिल येथे निधन झाले. जन्म १३ डिसेंबर १८८७, टेनेसीतील पॉल मॉल या डोंगराळ गावी. घरची शेती, शाळा जेमतेम, नेमबाजी मात्र शिकारीत पक्की झालेली. धर्मश्रद्धेपायी त्यांनी लष्करभरतीतून सूट मागितली. ती नाकारली गेली. पुढे ८ ऑक्टोबर १९१८ रोजी फ्रान्समधील आर्गोन अरण्यात याच माणसाने मोजक्या साथीदारांसह १३२ जर्मन सैनिक कैद केले. ‘मेडल ऑफ ऑनर’ मिळाले. १९१९ मध्ये गावी परतून विवाह, शेती आणि मुलाबाळांचा मोठा संसार. ग्रामीण मुलांसाठी त्यांनी शाळा उभारली. त्यांच्यावरील १९४१ च्या चित्रपटाने पैसा दिला, पण त्यावरील प्राप्तिकराच्या थकबाकीने अनेक वर्षे पिच्छा पुरवला.