मक्याचं नत्र हवेत कुठे जातं?

मंडळी, पोस्ट जरा लांब आहे. ज्यांच्या रानात मका आणि दारात दोन गुरं आहेत त्यांनी तरी वाचा.

दर हंगामात युरियाची गाडी आली की दुकानापुढे रांग लागते. एका गोणीसोबत नको असलेलं काहीतरी 'लिंकिंग' म्हणून गळ्यात पडतं, हा अनुभव बहुतेकांना असेल. मलाही आला आहे. त्याच वेळी आपल्या गोठ्यातून, उकिरड्यावरून आणि गोबरगॅसच्या खड्ड्यावरून तेच नत्र उडून जात असतं. हे नवीन नाही, याला शंभरावर वर्षं झाली.

1889 साली इंग्रज सरकारने व्होल्कर नावाचा रसायनशास्त्रज्ञ हिंदुस्थानची शेती पाहायला पाठवला. 1893 मध्ये त्याचा अहवाल आला. आपला शेतकरी अडाणी नाही, त्याच्याकडे खत आणि सरपण कमी आहे, असं त्याने मोकळेपणाने लिहिलं. शेण चुलीत जळतं याची त्याला फार चिंता होती, म्हणून गावांजवळ सरपणासाठी झाडं लावा असं त्याने सुचवलं. गुरांचं मूत्र जवळपास कुणीच साठवत नाही, हेही त्याच्या नजरेतून सुटलं नाही. आपण शेणाला खत म्हणतो आणि मूत्र गटारीत सोडतो, पण लवकर लागू पडणारं नत्र मुतातच जास्त असतं.

पुढची गोष्ट आपल्या शेजारची आहे. धुळ्याहून आग्रा रोडने शिरपूर, सेंधवा ओलांडलं की इंदूर. तिथे 1924 पासून अल्बर्ट हॉवर्ड यांनी कंपोस्टची 'इंदूर पद्धत' बसवली. 1931 च्या त्यांच्या पुस्तकावर सहलेखक म्हणून यशवंत वाड यांचं नाव आहे. हॉवर्डचं नाव जगभर झालं, वाडांचं फारसं कुणी घेत नाही. त्या पद्धतीत गोठ्याच्या जमिनीवर माती पसरायची, ती मूत्र शोषून घ्यायची आणि तीच माती कंपोस्टमध्ये जायची. बिनपैशाचं काम, तरी आपल्या किती गोठ्यांत दिसतं? आपण उलट फरशी केली आणि धुऊन टाकायला लागलो.

खान्देशात मात्र यापेक्षा जुनी एक पद्धत होती, आणि मला तीच सर्वांत हुशारीची वाटते: मेंढरं बसवणं. साक्री भागातले ठेलारी कळप घेऊन फिरायचे. शेतकरी त्यांना रात्रीपुरतं रान द्यायचा, बदल्यात धान्य, पुढे पैसे. लेंडी आणि मूत दोन्ही थेट मातीत, वाहतूक शून्य. जाणता माणूस कळप उठला की लगेच वखर फिरवायचा. आपली काळी माती चुनखडीची, तिचा सामू आठच्या आसपास. अशा मातीवर मूत उघडं पडलं की उन्हात त्यातलं नत्र अमोनिया होऊन उडतं, तो उग्र वास म्हणजे नत्रच. मातीत गाडलं की ते कणांना धरून राहतं. वखर फिरवणाऱ्याला रसायनशास्त्र ठाऊक नव्हतं, वास मात्र कळत होता.

1960 च्या दशकात दोन गोष्टी जवळपास एकदमच आल्या. खादी ग्रामोद्योग आयोगाने गोबरगॅस गावोगाव नेला आणि 1965 मध्ये तुर्भ्याचा खत कारखाना सुरू झाला. गोणी जिंकली, कारण ती खांद्यावर टाकून नेता येते. स्लरी पातळ, जड, वाहून न्यायला कटकटीची. म्हणून बहुतेकांनी ती खड्ड्यात वाळवली आणि वाळवताना अमोनिया उडून गेला.

हिशोब मांडू. घरच्या छोट्या गोबरगॅसमध्ये रोज 50 किलो शेण जातं. ताज्या शेणात साधारण 0.3 टक्के नत्र धरलं तर रोज 150 ग्रॅम, वर्षाला 55 किलोच्या जवळ. मक्याची शिफारस हेक्टरी 120 किलो नत्राची, म्हणजे एकरी 48. युरियाच्या 45 किलोच्या गोणीत 46 टक्क्यांनी 20.7 किलो. म्हणजे घरच्याच स्लरीत वर्षाकाठी अडीच गोणींहून थोडं जास्त, जर उडू दिलं नाही तर. सगळं नत्र त्याच हंगामात पिकाला मिळत नाही, म्हणून युरिया एकदम बंद करा असं मी म्हणणार नाही.

युरोपात हाच प्रश्न गोठ्यांच्या ढिगांनी उभा केला. नेदरलँड्सने 1990 च्या दशकात स्लरी जमिनीवर फवारण्यावर बंधन आणून ती मातीत सोडणं सक्तीचं केलं. तिथे टँकरमागे चकत्या माती कापतात आणि नळीतून स्लरी आत जाते. आपल्याला तेवढी यंत्रं नकोत. ओळीच्या बाजूला सरी पाडायची, संध्याकाळी स्लरी सोडायची, लगेच माती ओढायची.

फक्त सगळी स्लरी पेरणीलाच ओतू नका. मातीत राहिलेलं नत्र पुढे नायट्रेट होतं आणि जुलैच्या मोठ्या पावसात खाली झिरपून विहिरीत उतरतं. मक्याची खरी भूक गुडघाभर उंचीपासून तुरा येईपर्यंत. पेरणीला थोडं, मग तिसाव्या आणि पंचेचाळिसाव्या दिवसाच्या आसपास उरलेलं.

ज्यांच्या घरात जुनी माणसं आहेत त्यांनी विचारून सांगा: तुमच्या गावात एका रात्रीच्या मेंढरांना किती धान्य द्यायचे? आणि कोणत्या पिकाआधी बसवायचे?