जालना जिल्ह्यातील महाविद्यालये आणि ई-शोधपत्रिका : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :

संशोधकाला ग्रंथापेक्षाही शोधपत्रिकेची गरज अधिक भासते. ग्रंथात स्थिरावलेले ज्ञान असते, तर शोधपत्रिकेत घडत असलेले ज्ञान असते. १६६५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या वर्तुळातून ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ प्रसिद्ध होऊ लागले. तेव्हापासून सुमारे सव्वातीनशे वर्षे शोधपत्रिका ही छापील वस्तू होती. ती टपालाने येई, ग्रंथालयात नोंदली जाई, वर्षाअखेर तिची बांधणी होई आणि ती कपाटात राही. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात हे चित्र पालटले. प्रस्तुत लेखात या बदलाचा जालना जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या संदर्भात आढावा घेण्याचा प्रयत्न केला आहे. शोधपत्रिका संगणकावर आल्याने अंतराची अडचण दूर झाली. परंतु अंतराची जागा पात्रतेच्या अटीने घेतली, हे या इतिहासाचे मुख्य सूत्र आहे.

छापील शोधपत्रिकांचा काळ :

१७ सप्टेंबर १९४८ पर्यंत जालना हे निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. या प्रदेशाचे उच्च शिक्षण १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाशी जोडलेले होते. साहजिकच मोठे ग्रंथालय म्हणजे हैदराबाद, अशी मराठवाड्याची स्थिती होती. २३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबाद येथे मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि हे केंद्र जवळ आले. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार होऊन ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ झाले. दरम्यान १ मे १९८१ रोजी जालना हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. त्यात मुख्यतः औरंगाबाद जिल्ह्यातील तालुके आणि परभणी जिल्ह्यातील परतूर यांचा समावेश झाला.

जिल्हा स्वतंत्र झाला तरी संशोधनाची वाट औरंगाबादकडेच जात राहिली. जालना शहरापासून ते अंतर सुमारे साठ किलोमीटर आहे. जाफराबाद, मंठा किंवा घनसावंगीच्या प्राध्यापकाला मात्र एक संदर्भ पाहण्यासाठी संपूर्ण दिवस खर्ची घालावा लागे. महाविद्यालयीन ग्रंथालयांचा निधी प्रामुख्याने क्रमिक पुस्तकांवर खर्च होई. परदेशी शोधपत्रिकांच्या वर्गणीचे दर ग्रामीण महाविद्यालयाच्या आवाक्यापलीकडचे होते. या काळात वाचनावरील मर्यादा अंतराची आणि पैशाची होती. तथापि, विद्यापीठाच्या वाचनकक्षात पोहोचलेल्या प्राध्यापकाला कपाटातील अंक वाचता येई. त्याच्या महाविद्यालयाचे व्यवस्थापन कोणाचे आहे, हा प्रश्न तेथे गौण होता.

विद्यापीठांसाठी उघडलेले दार :

ग्रंथालयांच्या जोडणीची सुरुवात महाराष्ट्राच्या परिचयाच्या एका संस्थेतून झाली. १९९१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने पुण्यातील ‘आयुका’ या खगोलविज्ञान केंद्राच्या अंतर्गत ‘इन्फ्लिबनेट’ हा प्रकल्प सुरू केला. १९९६ मध्ये तो स्वतंत्र आंतरविद्यापीठीय केंद्र झाला. आज हे केंद्र गांधीनगर येथे आहे. याच सुमारास अमेरिकेत ‘जेस्टोर’ने जुन्या अंकांचे संगणकीय जतन सुरू केले आणि मोठे प्रकाशक आपल्या सर्व शोधपत्रिका एकत्रित संचाच्या रूपाने विकू लागले. असा संच एकट्या ग्रंथालयाला परवडणारा नव्हता. त्यामुळे अनेक संस्थांनी मिळून वर्गणी भरण्याची संघ-पद्धती पुढे आली.

भारतात तंत्रशिक्षण संस्थांसाठी ‘इंडेस्ट’ हा संघ दिल्लीच्या आयआयटीत उभा राहिला. डिसेंबर २००३ मध्ये राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते विद्यापीठांसाठीच्या ‘यूजीसी-इन्फोनेट’ ई-शोधपत्रिका संघाचे उद्घाटन झाले. विद्यापीठ परिसरातील संगणकांचे जाल-पत्ते प्रकाशकाकडे नोंदलेले असत आणि त्या पत्त्यावरून आलेल्या वाचकाला लेख खुला होई. संलग्न महाविद्यालय विद्यापीठाचाच अभ्यासक्रम शिकवत असले तरी त्याचा संगणक या परिसराबाहेर होता. म्हणून जालन्याच्या प्राध्यापकाला आता छापील अंकासाठी नव्हे, तर संगणकाच्या पडद्यासाठी विद्यापीठात जावे लागे.

याच जिल्ह्यातील आणखी एक उदाहरण उद्बोधक आहे. जालना-छत्रपती संभाजीनगर मार्गावरील बदनापूर येथे कडधान्यांवरील कामासाठी ओळखले जाणारे कृषी संशोधन केंद्र आहे. ते परभणीच्या कृषी विद्यापीठाचा भाग आहे. भारतीय कृषी संशोधन परिषदेने २००७ मध्ये ‘सेरा’ हा ई-शोधपत्रिकांचा संघ सुरू केला आणि कृषी विद्यापीठे त्याच्या कक्षेत आली. जवळच्या जालना शहरातील वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकाला मात्र अशी सोय नव्हती. दोघांच्या विषयात साम्य होते, जिल्हा एक होता. फरक होता तो त्यांच्या संस्था कोणत्या छत्राखाली येतात याचा.

एन-लिस्ट आणि २०१० चा योगायोग :

४ मे २०१० रोजी तत्कालीन मनुष्यबळ विकास मंत्री कपिल सिब्बल यांच्या हस्ते ‘एन-लिस्ट’ योजनेचे औपचारिक उद्घाटन झाले. या योजनेने महाविद्यालयांना प्रथमच या व्यवस्थेत आणले. यूजीसी कायद्याच्या कलम २(एफ) आणि १२(बी) अन्वये मान्यता असलेल्या महाविद्यालयांसाठी ती होती. ग्रंथपालाने प्राध्यापक व विद्यार्थ्यांची यादी नोंदवायची आणि प्रत्येकाला वापरकर्ता-नाव व परवलीचा शब्द मिळायचा, अशी तिची रचना होती. सहा हजारांहून अधिक शोधपत्रिका आणि हजारो ई-ग्रंथ त्यातून उपलब्ध झाले. आरंभीच्या यादीत ‘जेस्टोर’, ऑक्सफर्ड व केंब्रिज विद्यापीठांची प्रकाशने आणि ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’ यांचा समावेश होता. परवलीचा शब्द व्यक्तीला मिळाल्यामुळे भोकरदनच्या घरी बसूनही लेख वाचणे शक्य झाले. मार्च २०२० नंतरच्या टाळेबंदीत या रचनेचे मोल विशेषत्वाने जाणवले.

त्याच वर्षी जूनमध्ये यूजीसीची नवी नियमावली आली आणि प्राध्यापकांच्या पदोन्नतीसाठी शोधनिबंधांना गुण देण्याची पद्धत रूढ झाली. म्हणजे वाचनाची सोय आणि लेखनाची सक्ती जवळजवळ एकाच वेळी आली. वाचनाची सवय रुजण्यास वेळ लागतो. सक्तीला मात्र मुदत असते. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या पत्रिकांचे पेव फुटण्यामागे हे एक कारण मानता येईल. मे २०१८ मध्ये यूजीसीने आपल्या मान्य यादीतून ४,३०५ पत्रिका वगळल्या. त्यानंतर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या सहकार्याने ‘यूजीसी-केअर’ यादी आली आणि २०२५ मध्ये तीही बंद करण्यात आली. यादी बदलली तरी मूळ प्रश्न कायम राहतो. ज्याने उत्तम शोधनिबंध वाचलेले नाहीत, त्याला निकृष्ट शोधनिबंध ओळखता येत नाही.

एन-लिस्ट प्रारंभी निःशुल्क होती. पुढे अनुदानित महाविद्यालयांसाठी कर वगळून ५,००० रुपये वार्षिक शुल्क ठरले. विनाअनुदानित महाविद्यालयांसाठी ते कित्येक पटींनी अधिक ठेवण्यात आले. ज्या महाविद्यालयांची ग्रंथालये मुळातच दुबळी, त्यांनाच अधिक शुल्क, असा हा विरोधाभास आहे.

एक राष्ट्र, एक वर्गणी :

डिसेंबर २०१५ मध्ये यूजीसी-इन्फोनेट, एन-लिस्ट व इंडेस्ट यांचे ‘ई-शोधसिंधू’त एकत्रीकरण झाले. २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजनेस मंजुरी दिली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद, ३० आंतरराष्ट्रीय प्रकाशक, सुमारे १३,००० शोधपत्रिका आणि ६,३०० हून अधिक संस्था असा तिचा विस्तार आहे. मात्र मंजुरीच्या शब्दांनुसार ही योजना केंद्र व राज्य शासनांच्या व्यवस्थापनाखालील उच्च शिक्षण संस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्था यांच्यासाठी आहे. जालन्यात २०२४ मध्ये सुरू झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय या व्याख्येत मोडते. जिल्ह्यातील कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालये मात्र प्रामुख्याने शिक्षण संस्थांनी चालविलेली आहेत. त्यांच्या प्राध्यापकांचे वेतन शासन देत असले तरी व्यवस्थापन संस्थेचे असते. त्यामुळे ती या व्याख्येत सरळ बसत नाहीत आणि त्यांच्यासाठी एन-लिस्ट हेच मुख्य दार उरते.

समारोप :

छापील अंकाची वर्गणी थांबली तरी जुने अंक ग्रंथालयाच्या मालकीचे राहत. ई-शोधपत्रिकेची वर्गणी थांबली की अनेकदा मागील वर्षांचे दारही बंद होते. म्हणजे महाविद्यालय आता संग्रह करत नाही, प्रवेश भाड्याने घेते. म्हणून सदस्यत्वाचे नूतनीकरण हे केवळ कार्यालयीन काम न राहता ग्रंथालय समितीच्या विषयपत्रिकेवरील पहिले काम ठरावे. नोंदणीच्या यादीत तासिका तत्त्वावरील अध्यापकांची नावेही असावीत. संशोधनाच्या उमेदीच्या वयात असलेला हा वर्ग त्या यादीतून सुटला, तर पात्रतेची आणखी एक भिंत महाविद्यालयातच उभी राहील. ‘शोधगंगा’वरील प्रबंध आणि मुक्त प्रवेशाच्या शोधपत्रिका यांना अशी कोणतीही अट नाही, त्यांचा परिचय पदव्युत्तर वर्गातच करून देणे शक्य आहे.

हैदराबाद, औरंगाबाद आणि आता घरातील संगणक असा जालन्याच्या वाचकाचा प्रवास झाला. प्रत्येक टप्प्यावर ज्ञान जवळ आले. परंतु एकाच जिल्ह्यातील दोन अध्यापकांपैकी एकाला लेख उघडता यावा आणि दुसऱ्याला केवळ त्याचा सारांश दिसावा, ही स्थिती संपेपर्यंत हा प्रवास पूर्ण झाला असे म्हणता येणार नाही.