शफी इनामदार : कोकणचा 'रणजीत वर्मा'

शफी इनामदार यांचा जन्म 23 ऑक्टोबर 1945 चा, दापोलीजवळच्या पांगारी गावचा. मुंबईच्या के. सी. कॉलेजातून त्यांनी विज्ञानाची पदवी घेतली, पण मन रमलं ते नाटकात. हिंदी, गुजराती, मराठी, तिन्ही रंगभूमींवर त्यांनी काम केलं.

घराघरात नाव झालं ते 1984 साली, दूरदर्शनच्या 'ये जो है ज़िंदगी'मुळे. लेखक शरद जोशी. शफी झाले रणजीत वर्मा, स्वरूप संपत त्यांची बायको रेणू, राकेश बेदी मेहुणा राजा. सतीश शाह तर दर भागात नवं सोंग घेऊन यायचे. टाळ्या बहुतेक या दोघांनाच. आम्ही मोठेपणी मालिका पुन्हा पाहिली तेव्हा कळलं, खरं कठीण काम शफींचं होतं! समोरच्याचा येडेपणा शांतपणे ऐकायचा, आवाज चढवायचा नाही, नुसत्या नजरेनं हसवायचं. मालिका चालू असतानाच त्यांनी ती सोडली.

सिनेमात मात्र नायक कधी झाले नाहीत. 'अर्धसत्य'मधला (1983) इन्स्पेक्टर हैदर अली आठवतो ना? वेलणकरला सबुरीनं समजावणारा. गुलज़ार यांच्या 'मिर्ज़ा ग़ालिब' मालिकेत ते उस्ताद ज़ौक़ झाले. तलफ़्फ़ुज़ मुलांना मुद्दाम ऐकवावा असा.

'ती फुलराणी' गाजवणाऱ्या भक्ती बर्वे या त्यांच्या पत्नी. 1995 मध्ये शफींनी 'हम दोनों' दिग्दर्शित केला. पुढच्याच वर्षी, 13 मार्चला, हृदयविकारानं इंतकाल झाला. वय फक्त 50.