प्लासीच्या सतरंजीवर आपली माणसे किती?



मागच्या महिन्यात आमच्या अभ्यासवर्गात एक वेगळाच प्रयोग झाला. वर्गातला एक मुलगा यूट्यूबवर इंग्लंडमधल्या हौशी लोकांचे युद्धखेळ बघतो. मोठे टेबल, त्यावर हिरवे कापड, बोटाच्या दोन पेरांएवढे रंगवलेले शिपाई, हातात फासे आणि मोजपट्टी. तो म्हणाला, "दादा, आपण प्लासी लावू." आमच्याकडे ना टेबल, ना शिपाई. मग विहाराच्या सतरंजीवर शर्टाची बटणे आणि काड्यापेट्या मांडल्या.

हा पोरखेळ आहे असे समजू नका. १८२४ च्या सुमारास प्रशियाच्या सैन्याने रायस्विट्झ या अधिकाऱ्याचा 'क्रीगस्पील' अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी स्वीकारला. १९१३ साली एच. जी. वेल्स यांनी 'लिटल वॉर्स' लिहून हा खेळ दिवाणखान्यात आणला. १९७१ मध्ये चार्ल्स ग्रँट यांचे 'द वॉर गेम' आले, ते अठराव्या शतकाच्या लढायांवरच. हे शतक या छंदाचे लाडके का, ते उघड आहे. फौजा सरळ रांगांत उभ्या राहत, गणवेश रंगीत आणि बंदुकीचा पल्ला तोकडा. सगळे टेबलावर मावते.

आम्ही नेहमीचाच नियम धरला: एक बटण म्हणजे २० माणसे. आता हिशेब बघा. २३ जून १७५७. क्लाइव्हकडे सुमारे ७५० गोरे शिपाई, म्हणजे ३७ बटणे. हिंदी शिपाई सुमारे २,१००, म्हणजे १०५ बटणे. जी लढाई 'इंग्रजांनी जिंकली' असे शाळेत शिकवले, तिच्यात इंग्रजांच्याच बाजूला रंगाने काळी बटणे जवळजवळ तिप्पट! हे वाक्य आम्ही पुस्तकात अनेकदा वाचले होते, पण डोळ्यांना दिसले ते त्या दिवशी.

पुढचा हिशेब जास्त बोचतो. त्या दिवशी कंपनीची २२ माणसे मेली, त्यातही बहुतेक हिंदी शिपाई. वीसला एक या प्रमाणात २२ मृत्यू म्हणजे एक बटण. अख्ख्या बंगालच्या बदल्यात सतरंजीवरून एक बटण उचलायचे आणि खिशात टाकायचे. ज्याच्या घरचा माणूस त्या एका बटणात गेला, त्याला हा नियम काय सांगणार?

ती माणसे कोण होती? 'द अनटचेबल्स अँड द पॅक्स ब्रिटानिका' या लेखनात बाबासाहेबांनी स्पष्ट मांडले आहे की क्लाइव्हबरोबर लढले ते दुसाध, म्हणजे बिहारकडचे अस्पृश्य, आणि कोरेगावला लढले ते महार. ब्रिटिश सत्तेच्या पहिल्या आणि शेवटच्या मोठ्या लढाईत अस्पृश्य उभे होते, हा त्यांचा मुद्दा. पण बाबासाहेब तिथे टाळ्या घेऊन थांबत नाहीत. ज्यांच्या जोरावर राज्य मिळवले त्यांनाच पुढे सैन्याची दारे बंद केली, याचा जाब ते इंग्रजांना विचारतात. बंगालच्या फौजेत ब्राह्मण-राजपुतांची भरती वाढली आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची भरती थांबली. सुभेदार रामजींच्या मुलाला हे कोणी वेगळे शिकवायची गरज नव्हती.

इथे नेहमीचा आरोप येतोच: "म्हणजे तुम्ही इंग्रजांना मदत केली, गद्दारी केली." आमच्या वर्गातही एकाने दबक्या आवाजात विचारले. त्याला उत्तर आम्ही दिले नाही, सतरंजीने दिले. नवाबाकडे सुमारे ५०,००० फौज. तेवढी बटणे कुठून आणणार, म्हणून गठ्ठे केले. मीर मदनचा गठ्ठा लढला, तो स्वतः तोफगोळ्याने पडला. पावसाने नवाबाची दारू भिजली, कंपनीने आपली ताडपत्रीखाली झाकली होती. आणि मीर जाफर, राय दुर्लभ, यार लुत्फ खान यांचे तीन प्रचंड गठ्ठे सकाळपासून जागचे हलले नाहीत. सौदा आधीच झाला होता, त्यात जगत सेठची पेढीही होती. सरदार आणि सावकार. सतरंजीवर बोट ठेवा आणि सांगा, गद्दारी कुठे उभी आहे? ज्या शिपायाला गावात विहिरीवर पाणी मिळत नव्हते, त्याने पगाराची बंदूक घेतली तर त्याने नेमका कोणता देश विकला?

दुसऱ्या डावात आम्ही नियम बदलला. मीर जाफरसाठी फासा टाकायचा, पाच किंवा सहा पडले तर तो लढेल. सहा पडला. तीन गठ्ठे पुढे सरकले आणि क्लाइव्ह आमराईत संपला. पोरांनी आरडाओरडा केला. मग तोच यूट्यूबवाला मुलगा म्हणाला, "दादा, नवाब जिंकला, पण ही १०५ बटणं आता कुठं जाणार?"

कुणी बोलेना. आम्हीही नाही.

सतरंजी गुंडाळताना आणखी एक गोष्ट लक्षात आली. नवाबाच्या मोठ्या तोफा उंच लाकडी माच्यांवर होत्या. एकेका माचीला चाळीस-पन्नास बैलजोड्या, मागून रेटायला हत्ती. आम्ही तोफेसाठी काड्यापेटी ठेवली, पण बैल हाकणाऱ्यांसाठी काहीच ठेवले नव्हते. हा खेळ लढणाऱ्यांचा, त्यामुळे त्यांना नियमातच जागा नाही. पुढच्या रविवारी त्यांच्यासाठी एक मूठ तूरडाळ आणायचे ठरले आहे.